सव्वासातची नोंद

लॅबला दोन दारं होती आणि ती दोन्ही एका वेळी कधीच उघडत नसत. बाहेरचं नीट लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, आतलं लागल्याशिवाय बाहेरचं नाही. मधे कपडे बदलायची खोली, हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागावीत एवढी. बाहेरची धूळ, वास, जंतू आत जाऊ नयेत म्हणून ही सगळी तजवीज. आत इन्क्युबेटरमध्ये, काचेच्या डिशमधल्या थेंबात, माणसाच्या अंगाइतक्या उबेत, टाचणीच्या टोकावर मावतील असे जीव वाढत असत. त्यांना अत्तराचा वाससुद्धा सोसत नाही.

तिथे काम करणाऱ्या दोघी. डॉक्टर त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत, जणू एकाच घरात दिलेल्या जावा. थोरलीची या कामात बावीस वर्षं गेली होती. तिचे नियम थोडेच होते, पण दगडावरची रेघ. पाहिलं तेच लिहायचं. लिहिलेलं चुकलं तर खोडून काळं करायचं नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं ते लिहून वेळ आणि सही.

धाकटीला एम.एस्सी. होऊन इथे लागल्याला अजून वर्ष व्हायचं होतं. हात स्थिर, डोळे तल्लख, आणि कुठल्याही गोष्टीचं ‘का’ विचारल्याशिवाय चैन न पडणारी. खोड एकच. बंद खोलीत तिचा जीव घाबरायचा. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले की खिडकी नसलेली लॅबही तिला मैदानाएवढी वाटे. पण त्या मधल्या डबीत, मागचं दार लागलेलं आणि पुढचं न उघडलेलं, अशा दीड मिनिटात तिच्या तळहातांना घाम फुटे. म्हणून ती बाहेरच्या दाराच्या फटीत आपली रबरी चप्पल अडकवायची, कपडे बदलायची, आणि दार उघडं राहिल्याची शिटी वाजायच्या आत चप्पल ओढून घ्यायची. थोरलीने एकदा पकडलं होतं.

“पुन्हा दारात चप्पल दिसली, तर ती पायात घालायची आणि घरी जायचं. कायमचं.”

थोरली थट्टा करत नसे.

त्या रविवारी सकाळी धाकटी एकटीच कामावर होती. काम एकच, पण वेळेचं. आदल्या दिवशी दुपारी दोन वाजता एका बाईंची चार अंडी आणि त्यांच्या नवऱ्याचे शुक्राणू एका डिशमध्ये एकत्र ठेवले होते. त्यानंतर साधारण सतरा तासांनी अंड्यात डोकावायचं असतं. सगळं ठीक असेल तर आत दोन गोल दिसतात, काचेवरच्या दोन थेंबांसारखे, एकमेकांना टेकलेले. एक आईकडचं केंद्रक, एक बापाकडचं. तीन दिसले तर बहुधा दोन शुक्राणू एकाच वेळी आत घुसलेले असतात. असं भ्रूण मरत नाही, हीच पंचाईत. ते वाढतं, कधी कधी छान वाढतं, पण त्यातून मूल होत नाही. काही आठवड्यांनी गर्भ पडतो. किंवा द्राक्षगर्भ होतो, म्हणजे पोटात फोडांचा घोस वाढू लागतो आणि आईच्याच जिवावर बेतू शकतं.

आणि मोजायला वेळ मिळतो तो जेमतेम काही तासांचा. मग केंद्रकं विरून जातात. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि सुरुवात दोनाने झाली होती की तिनाने, हे नुसत्या नजरेला पुन्हा कधी कळत नाही.

सातला दहा मिनिटं कमी असताना धाकटीने चप्पल ओढली. टाचेकडचा झिजलेला तुकडा तुटला आणि कुलपाच्या जिभेत जाऊन बसला. दार लागलं, पण पुरतं नाही. दाराच्या यंत्राच्या हिशेबी बाहेरचं अजून उघडं, म्हणून आतलं उघडेना. शिटी मिनिटभर वाजून आपोआप थांबली. जीभ रबरात रुतलेली, म्हणून बाहेरचंही हलेना. भिंतीवर लाल बटण होतं. तिने ते दाबलं. पण ते फक्त बाहेरच्या दाराची विजेची पकड सोडवायचं; संकटात माणूस बाहेर पळतो, आत नाही, असा विचार करून कुणीतरी बसवलेलं. रबरावर त्याची मात्रा चालली नाही. मोबाईल नियमाप्रमाणे बाहेरच्या कपाटात.

आतल्या दाराला वहीएवढी काच होती. तिच्यातून समोरच इन्क्युबेटर दिसत होता आणि वरचं घड्याळही.

आधी ती ओरडली. मग दारावर मुठी आपटल्या, मग चप्पल आपटली. सुट्टीच्या दिवशी त्या मजल्यावर कोण असणार? साडेसातला तिने स्वतःला समजावलं, अजून वेळ आहे. साडेआठला समजावलं, अजूनही आहे. मग ती खाली बसली आणि फरशा मोजल्या. बावीस आणि एक अर्धी. श्वास मोजले. साडेदहाला तिने घड्याळाकडे बघणं सोडलं. चार पावलांवर, काचेपलीकडे, त्या चार अंड्यांमध्ये जे काही दिसायचं होतं ते दिसत होतं, आणि बघायला कुणी नव्हतं.

साडेअकरा वाजून गेल्यावर बाहेर बादली वाजली. झाडलोटीच्या मावशी. एरवी दुपारी यायच्या, आज भाचीकडे जायचं म्हणून लवकर आल्या होत्या.

“मावशी! मी आहे! दार अडकलंय!”

“अगंबाई! कधीपासून गं?”

“सातपासून!”

“सातपासून? आणि मी आपली समजतेय, पाइप वाजतोय.”

चमच्याच्या दांडीने मावशींनी रबर उकरून काढलं. दार उघडलं. तुकडा त्यांनी उजेडात धरला, मग धाकटीच्या चपलेकडे पाहिलं.

“तुझ्याच चपलेचा ना हा?”

धाकटी चप्पल पाठीमागे धरून रडायला लागली.

“रडू नकोस पोरी. मी काही बघितलं नाही. माझ्या तोंडाला कुलूप. तुझ्या दारासारखं नव्हे, चांगलं.” आणि तुकडा त्यांनी कचऱ्याच्या पिशवीत टाकला.

त्या क्षणी धाकटीला वाटलं, सुटले. खरं तर दुसरं दार तेव्हा लागलं.

तिने हात धुतले, डिश काढली, बारीक पिपेटने अंड्यांभोवतालच्या पेशी सोडवल्या आणि पाहिलं. पहिलं अंडं कच्चं, गळालेलं. दुसऱ्यात तीन केंद्रकं, स्वच्छ, ते बाद. चौथ्यात दोन, मावळायच्या बेतात, पण मोजता येण्याजोगी. आणि तिसऱ्यात काहीच नाही. गोल, तुकतुकीत, निरोगी अंडं, आणि आत नुसती साय ढवळल्यासारखी खळबळ. म्हणजे केंद्रकं होती आणि विरली. किती होती, ते गेलं.

नोंदीच्या कागदावर पहिला रकाना वेळेचा. घड्याळात अकरा बावन्न. अकरा बावन्न लिहिलं की थोरली विचारणार, का? का म्हटलं की चप्पल. धाकटीने लिहिलं, ७:१५.

आणि लिहिल्यावर तिच्या लक्षात आलं की आता पुढचं खरं लिहिताच येत नाही. सव्वासात ही तर पाहण्याची नेमकी वेळ. तेव्हा केंद्रकं दिसायलाच हवीत. ‘दिसली नाहीत’ लिहावं तर त्याचा अर्थ अंडं फळलंच नाही. आणि उद्या त्याच्या चार पेशी झालेल्या पाहून थोरली भुवया उंचावणार. पहिल्या खोट्याने दुसऱ्याचा हात धरून त्याला रांगेत आणून उभं केलं. तिसऱ्यापुढे तिने लिहिलं, दोन.

साडेबाराला तिने त्या बाईंना फोन केला. बाई एक्केचाळीस वर्षांच्या, चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या. हा तिसरा प्रयत्न, आणि शरीर आता आणखी अंडी देईल अशी आशा डॉक्टरांनीही सोडलेली.

“ताई, दोन भ्रूणं व्यवस्थित आहेत.”

 “तुम्ही स्वतः पाहिलंत ना?” बाईंनी विचारलं.

“हो,” धाकटी म्हणाली.

सोमवारी तिसऱ्याच्या चार पेशी झाल्या, सारख्या, फुगीर. चौथ्याच्या तीनच. थोरलीने कागद उचलला आणि रविवारच्या ओळीवर सही केली. पाहण्याजोगं आता काही उरलंच नव्हतं. ती सही धाकटीच्या भरवशावर होती. “छान,” ती म्हणाली. थोरलीच्या तोंडून ‘छान’ निघणं म्हणजे दुष्काळात जेवणावळ.

मंगळवारी तिसऱ्याच्या आठ झाल्या. चौथं सहावर थांबलं आणि आतून भुसभुशीत झालं.

“आता सगळी मदार तिसऱ्यावर,” थोरली म्हणाली.

धाकटीने त्या रात्री पुस्तक उघडून पाहिलं नाही. तिला पाठ होतं. दोन केंद्रकांचं भ्रूण असंच धावतं आणि तीन केंद्रकांचंही कधी कधी असंच. घाईचं भ्रूण असेल तर केंद्रकं लवकर विरतात, हे खरं; म्हणजे कदाचित सगळं ठीक असेल. कदाचित. त्याच डिशमध्ये, केसभर अंतरावर, दुसऱ्या क्रमांकात तीन होती. ती चुळबुळत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आता सांगायचं तर चप्पल हा सगळ्यात हलका गुन्हा झालाय. रविवारी सांगितलं असतं तर एक दार मोडलं असतं. आता तीन दिवसांची थोरलीची सही, डॉक्टरांचा शब्द आणि त्या बाईंची आशा, सगळं त्या ‘दोन’वर उभं होतं.

बुधवारी सकाळी पेशी एकमेकींत इतक्या घट्ट मिसळल्या की मोजणंच थांबलं. तुतीच्या फळासारखा एक गोळा. संध्याकाळी घरी दादा म्हणाला, “आमच्या दुर्बिणीला काय झालंय? चार दिवस माणसांकडे बघत नाही.”

“काही नाही.”

“आई, हिला काहीतरी झालंय. ‘का विचारतोस’ असं विचारलं नाही.”

आईने ताट पुढे सरकवलं. “खा आधी. पोटात काही गेलं की बाहेर काही येतं.”

धाकटी जेवली. बाहेर काही आलं नाही.

गुरुवारी पाचवा दिवस. थोरलीने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली आणि चक्क हसली. “ये, बघ. बाहेर निघालंय.”

अंड्याला अगदी पहिल्यापासून एक पारदर्शक कवच असतं. जादा शुक्राणूंना ते अडवतं, पेशींना विखरू देत नाही. पाच दिवस तेच घर. आणि मग ते फोडून बाहेर पडता आलं नाही, तर तेच थडगं. तिसऱ्याच्या आत आता पाण्याने भरलेली पोकळी होती, एका बाजूला पेशींचा दाट पुंजका, ज्याचं पुढे बाळ होईल, आणि भोवती पातळ थर, ज्याची वार होईल. तो थर एका बारीक फटीतून बाहेर आला होता. अर्धा आत, अर्धा बाहेर, मधे आवळलेला, आठाच्या आकड्यासारखा. धाकटीला ते फार वेळ बघवेना.

अकरा वाजता बाई आल्या. लॅब आणि ऑपरेशनची खोली यांच्यामध्ये भिंतीत एक लहान खिडकी होती. पद्धत ठरलेली. खिडकीच्या या बाजूला, ऑपरेशनच्या खोलीत, धाकटीने रुग्णाचं नाव आणि कागद पडताळायचे, पलीकडून थोरली विचारणार, “भरू का?”, धाकटी म्हणणार, “भरा”, मग थोरली भ्रूण बारीक नळीत भरून खिडकीतून देणार आणि डॉक्टर ते गर्भाशयात सोडणार. धाकटीच्या ‘भरा’शिवाय थोरली हात हलवत नसे.

बाई टेबलावर पडून होत्या, अंगावर हिरवी चादर. नवरा उशाशी, दोन्ही हातांत बायकोची पर्स धरून, जणू तीही निर्जंतुक करून दिलेली. धाकटीने संमतीचा कागद पुढे केला. बाईंनी चष्मा मागून घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

“ताई, नुसती सही केली तरी चालेल,” डॉक्टर म्हणाले.

“डॉक्टर, अहो, धंद्याची सवय. बारीक अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही.” मग त्या धाकटीकडे वळल्या. “तुम्हाला एक गंमत सांगू? माझ्याकडे लोक येतात ना डोळे तपासायला, त्यांना शेवटची ओळ दिसत नसली तरी ते ठोकून देतात. चष्मा लागू नये म्हणून. पण मला कळतं. ज्याला दिसतं तो जरा थांबतो, डोळे बारीक करतो. ज्याला दिसत नाही तो पटकन उत्तर देतो.” त्या हसल्या. “रविवारी तुम्ही ‘हो’ इतक्या पटकन म्हणालात, की मला शंकाच आली. मग म्हटलं, बाई गं, जग काही तुझ्या दुकानात तपासायला आलेलं नाही. त्या दिवशी किती महिन्यांनी झोप लागली मला.”

त्यांनी पेन मागितलं.

खिडकीतून थोरलीचा आवाज आला. “भरू का?”

धाकटीला एकदम त्या डबीसारख्या खोलीतली हवा आठवली. मागचं दार लागलेलं. पुढचं न उघडलेलं. आणि या वेळी चमचा घेऊन कुणी येणार नव्हतं.

“भरू का?” थोरलीने पुन्हा विचारलं.

“भरू नका.”

डॉक्टरांनी मान वर केली. “काय?”

“रविवारी मी सव्वासातला पाहिलं नाही. अकरा बावन्नला पाहिलं. तिसऱ्यातली केंद्रकं तोवर गेली होती. दोन होती की तीन, मला माहीत नाही. मी दोन लिहिलं.”

“का?” हा आवाज खिडकीतून.

“दारात अडकले होते. चप्पल लावली होती.”

 नवऱ्याने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“पाच दिवस!” डॉक्टर म्हणाले. “अगं, पाच दिवस तू गप्प?”

बाई कोपरावर उठल्या. “थांबा डॉक्टर. ओरडायचं नंतर.” आवाज कोरडा होता. “म्हणजे हे तीनचं आहे?”

“माहीत नाही ताई. कुणालाच माहीत नाही.”

“आज सोडलं तर?”

डॉक्टरांनी सगळं सांगितलं, सुरळीत, काही न लपवता. नीट असू शकेल. तशी शक्यताही बरी आहे. नसेल तर गर्भ पडेल, किंवा द्राक्षगर्भ. दुसरा मार्ग असा की बाहेरच्या थरातल्या चार-पाच पेशी काढून तपासायला पाठवायच्या, भ्रूण गोठवून ठेवायचं आणि महिनाभर थांबायचं. गोठवण्या-वितळवण्यात ते जाण्याची भीती थोडी, पण आहे. आणि दुसरं भ्रूण नाही.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “तू म्हणशील ते.”

“हे आयुष्यभर असंच म्हणतात,” त्या कुणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाल्या. मग धाकटीकडे पाहिलं. “मी तुमच्यावर खूप चिडणार आहे. पण आज मला तेवढी सवड नाही. तपासायला पाठवा. न दिसणारं पोटात घेऊन मला महिने काढता यायचे नाहीत.”

लॅबमध्ये थोरली आधीच तयारीला लागली होती. धाकटी दारातच उभी राहिली.

“मी जाऊ?”

“कुठे? या कामाला साक्षीदार लागतो. बस तिथे. उद्यापासून तुझं काय करायचं ते डॉक्टर आणि मी ठरवू, आणि ते तुला आवडणार नाही.” तिने डोळे सूक्ष्मदर्शकाला लावले. “पडद्याकडे बघ आणि मोठ्याने बोल.”

पडद्यावर तिसरं होतं, तसंच आवळलेलं. पण फटीतून बाहेर आलेला भाग तासाभरात वाढला होता. बाहेर पडण्यासाठी त्याने जे केलं होतं, त्यानेच आता हे काम शक्य होत होतं: आतल्या पुंजक्याला धक्का न लावता बाहेरच्या पेशी घेता येणार होत्या. थोरलीची पिपेट हलके टेकली, ओढू लागली. लेसरचा ठिपका चमकला.

“किती आल्या?” थोरलीने विचारलं.

धाकटी पटकन पाच म्हणणार होती. ती थांबली. डोळे बारीक केले.

“चार दिसतायत. पाचवी त्यांच्या मागे आहे की नाही, सांगता येत नाही.”

“मग तसंच लिही.”

तिने तसंच लिहिलं. मग पान मागे उलटून ती रविवारच्या ओळीवर आली. ‘७:१५’वर एक आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, ११:५२. तिसऱ्यापुढच्या ‘दोन’वर एक रेघ. शेजारी, ‘दिसली नाहीत. उशिरा पाहिलं.’ खाली आजची तारीख, वेळ, सही. खोडलेलं सगळं स्वच्छ वाचता येत होतं.

भ्रूण गोठवून टाकीत ठेवल्यावर थोरली आली, उभ्या उभ्या ते वाचलं, आणि आपली सोमवारची सही तिने एका रेघेने खोडली. नवी केली नाही. 

“तपासणीचा निकाल आला की ही ओळ पुरी करू,” ती म्हणाली. “आता जा. बाहेर मावशींना सांग, त्यांच्या तोंडाचं कुलूप काढलंय म्हणून. दारातून सावकाश जा. दोन्ही नीट लागू दे.”

धाकटी मधल्या खोलीत आली. आतलं दार मागे लागलं. बाहेरचं उघडायला दीड मिनिट होतं. तिच्या तळहातांना घाम फुटला, नेहमीसारखाच. चपला पायात होत्या. ती थांबून राहिली.